खोलीत कुणाची चालते? निळूभाऊंच्या भूमिका पाहताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, निळू फुले माझे सगळ्यात आवडते नट. पण त्यांचं नाव काढलं की मित्र लगेच 'बाई, वाड्यावर या' सुरू करतात. मला त्यांच्या प्रत्येक भूमिकेत आत काहीतरी निराळं चाललेलं जाणवतं, पण ते काय हे सांगता येत नाही. अभिनयातली ही खोली येते कुठून? आणि सध्या एका एकांकिकेत मी सरपंच करतोय. शेवटी तो मुलासमोर रडतो. आमचा दिग्दर्शक म्हणतो, रडणं खोटं वाटतं. काय करू?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहिते. जरा लांबेल.

आधी त्या मिमिक्रीचं उरकून टाकू. नक्कल करणारा काय उचलतो? घोगरा, ओढून काढलेला आवाज, तिरपी मान, किलकिला डोळा. उचलतो ते बरोबरच असतं. तरी त्या नकलेला लोक हसतात आणि पडद्यावर तोच आवाज ऐकून गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या. निळूभाऊ गावात गेले तर बायका चार हात लांब राहायच्या, असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे. मग नकलेत कमी काय पडतं? नक्कल करणाऱ्याच्या समोर कुणी नसतं. तो आवाज हवेत सोडतो. निळूभाऊंचा आवाज नेहमी कुणावर तरी टाकलेला असतो, आणि ज्याच्यावर टाकलाय त्याची गावातली किंमत त्या आवाजात आधीच धरलेली असते. गड्याशी बोलताना वाक्याचं शेपूट ते गिळून टाकतात, कारण गड्याला पूर्ण वाक्याची गरज नाही. बरोबरीच्या माणसाशी बोलताना तेच शेपूट लांबवतात, गोड करतात. हे एकदा कानाला लागलं की मिमिक्री ऐकवत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. त्यांच्या भूमिका पाहताना मला कायम वाटत आलं की हा माणूस भावनेपासून सुरुवात करतच नाही. राग आलाय, दुःख झालंय, वासना आहे, हे सगळं नंतरचं. पहिला हिशोब हा, की या खोलीत कुणाची चालते. वाडा असो, कचेरी असो, मंत्र्याचा बंगला असो की दोन खणांची भाड्याची खोली. ज्याची चालते तो कसा बसतो, कुणाकडे न बघता बोलतो, किती वेळ गप्प राहू शकतो. ज्याची चालत नाही तो दाराच्या कुठल्या बाजूला उभा राहतो. हे पक्कं झालं की नट निवांत होतो. आणि भावना दिसते कधी? चालता चालता चालेनासं होतं तेव्हा. त्या घसरणीच्या क्षणी निळूभाऊंचा चेहरा बघत जा. तुला जे 'आत काहीतरी चाललंय' वाटतं ना, ते बहुतेक वेळा तिथेच असतं.

हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. 1930 चा जन्म, घर पुण्यातलं, परिस्थिती बेताची. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं. लष्कराच्या आवारात बागकाम करणाऱ्या माणसाला साहेब कोण, साहेबाचा साहेब कोण, कुणाची गाडी आली की कमरेतून वाकायचं आणि कुणाची आली की नुसती मान हलवली तरी भागतं, हे कुणी सांगावं लागत नाही. हा माझा तर्क आहे, पण भूमिका पाहिल्या की तो सोडवत नाही. दुसरीकडे राष्ट्र सेवा दल आणि त्याचं कलापथक. दादा कोंडके, राम नगरकर हीसुद्धा त्याच वाटेने आलेली मंडळी. तिथे वग, म्हणजे तमाशातली लोकनाट्यं, करायचे. वगात दुसरं असतं काय? राजा, प्रधान, हवालदार, आणि त्यांची पगडी उडवणारा सोंगाड्या. सगळा खेळ कुणाची चालते आणि ती कशी मोडायची याचाच. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगातून निळूभाऊंचं नाव झालं आणि त्याच वाटेने 1968 साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात त्यांची झेलेअण्णाची भूमिका आली. त्यानंतर मराठी सिनेमाने त्यांना सोडलं नाही.

वगाचं आणखी एक देणं आहे. वगाच्या नटाला समोरच्याचं ऐकावंच लागतं. संहिता जेमतेम, पलीकडचा काय टाकेल याचा भरवसा नाही, प्रेक्षकातून कोण काय ओरडेल सांगता येत नाही. नुसतं आपलं वाक्य पाठ करून उभा राहिलेला नट तिथे उघडा पडतो. निळूभाऊंचं ऐकणं तिथे तयार झालं. पुढे मोठमोठ्या नटांसमोर ते जे टिकले, त्यात बोलण्याइतकाच वाटा या ऐकण्याचा आहे.

आणि एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. ते अंगाने पहिलवानी नव्हते. पाटील म्हटला की आपण धिप्पाड, गलमिशावाला माणूस आणतो. एकांकिका स्पर्धांत तर दर वर्षी पोटाला उशी बांधून आलेला एखादा सरपंच असतोच. निळूभाऊंकडे तो ऐवज नव्हता, म्हणून दरारा दुसऱ्या कशातून तरी उभा करणं भाग होतं. तो त्यांनी संथपणातून केला. घाई गरजवंताला. ज्याची चालते त्याला कसलीच घाई नसते.

आता 'सामना' घे. 1975 चा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेला गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या जोरावर सगळा टापू मुठीत ठेवणारा माणूस. त्याच्या गावात एक दारूडा मास्तर येऊन पडतो. हा मास्तर डॉ. श्रीराम लागूंनी केलाय. हिंदुराव त्याला उचलून घरी आणतो, ठेवून घेतो, दारू पाजतो, आपलं साम्राज्य हिंडवून दाखवतो. आणि मास्तर एक दिवस विचारायला लागतो की गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं.

हा प्रसंग दहा नटांना दिला तर नऊ जण प्रश्न ऐकताच दचकतील. डोळे मोठे, गळ्यात आवंढा, मग राग. खुनाचा पत्ता लागतोय म्हटल्यावर घाबरायलाच हवं, असं त्यांचं गणित. पण हिंदुरावाच्या बाजूने बघ. मारुती कांबळेचं काय झालं हे गावाला ठाऊक आहे. ठाऊक असून कुणी बोलत नाही, यातच तर त्याची सत्ता आहे. माहिती बाहेर फुटेल ही त्याची पहिली भीती नाही. त्याला लागतं ते हे, की ज्याला मी घरात घेतलं, ज्याला माझ्या पैशाची दारू पाजली, त्याने माझ्याच छपराखाली हे विचारावं. पाहुणचाराचा अपमान झालाय. हिंदुरावात गुन्हेगाराच्या अगोदर दुखावलेला यजमान जागा होतो, आणि निळूभाऊ तो यजमान खेळतात. म्हणून त्यांचं अगत्य सुटत नाही. उलट वाढतं. आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो या वाढलेल्या अगत्यामुळे.

त्याच्या खाली आणखी एक थर आहे आणि माझ्या मते ती मराठी पडद्यावरच्या अभिनयातली फार मोठी गोष्ट आहे. हिंदुरावाला मास्तर आवडायला लागलाय. आयुष्यभर 'होय दादा, बरोबर दादा' म्हणणाऱ्या माना पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर बोलणारा भेटलाय. हा माणूस आपल्याला बुडवणार हे कळत असूनही त्याला घालवावंसं वाटत नाही. मारुती कांबळेला जे झालं ते या मास्तरला करणं हिंदुरावाला अवघड नव्हतं. हात का आखडला, याचं उत्तर संवादात कमी आणि निळूभाऊंच्या मास्तरकडे बघण्यात जास्त आहे. खून पचवलेल्या माणसाचं एकटेपण त्या नजरेत येतं. शेवटी हिंदुराव पडतो तेव्हा आपल्याला न्याय झाल्याचा आनंद व्हायला हवा, आणि तो होतोही, पण निखळ होत नाही. त्याची कीव यावी असं त्याने काही केलेलं नसताना कीव येते. याचा राग प्रेक्षकाला स्वतःचाच येतो.

लागू आणि निळूभाऊ एकत्र असतात ते प्रसंग आवाज बंद करून बघ. लागूंची तालीम वेगळी. पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन, उच्चार धारदार, वाक्य कुठे मोडायचं हे ठरलेलं. निळूभाऊ वाक्य मोडत नाहीत, घरंगळू देतात. एकाची भाषा नाट्यगृहाची, एकाची पाराची. दोघांनी एकमेकांचं ऐकलं नसतं तर हा चित्रपट दोन वेगवेगळ्या चित्रपटांसारखा दिसला असता. त्या दोघांची मैत्री पडद्याबाहेरही होती. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत ही मंडळी गावोगाव हिंडली, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही दोघं होते. माणूस भला म्हणून नट खोल होतो असं मी म्हणणार नाही. भले पण सपाट नट मी ढिगाने पाहिलेत. पण गाव नीट पाहिलेला नट आणि चित्रपटात पाहून गाव करणारा नट, यांत फरक पडतोच.

'सखाराम बाइंडर' मी वर्गात दर वर्षी घेते. तेंडुलकरांचं हे नाटक 1972 साली कमलाकर सारंगांनी उभं केलं, त्यावरून सेन्सॉरशी झगडा झाला, प्रकरण कोर्टात गेलं. निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा, कुसुम कुलकर्णी लक्ष्मी. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा हा पुस्तकं बांधणारा माणूस. नाटकाच्या सुरुवातीलाच तो लक्ष्मीला घराचे नियम ऐकवतो. दोन वेळ जेवण मिळेल, लुगडी मिळतील, मी म्हणेन तसं वागायचं, न पटलं तर वाट मोकळी, जाताना तिकिटाचे पैसे देईन. विद्यार्थी हे भाषण हमखास गुरगुरत म्हणतात. मी त्यांना सांगते, हे भाडेकरार वाचून दाखवल्यासारखं म्हण. याने हे आधीच्या प्रत्येक बाईला सांगितलंय. यात राग कशाला? नियम सांगणारा माणूस आपण न्यायाने वागतोय अशा समजुतीत असतो. सखारामला स्वतःचा अभिमान आहे, की मी इतरांसारखा ढोंगी नाही. या अभिमानावर तो उभा आहे आणि तोच त्याच्या घरातल्या हुकमतीचा पाया आहे.

मग मुंगळ्याचा प्रसंग येतो. लक्ष्मी एकटीच मुंगळ्याशी बोलते, हसते. सखारामच्या कानावर ते हसणं पडतं. त्याच्यासमोर ती कधी अशी हसलेली नाही. आणि रात्री तो तिला उठवून म्हणतो, तसं हस. मुंगळ्यापाशी हसलीस तसं. ती हसू शकत नाही, तो सोडत नाही, आणि शेवटी ती हसते ते हसणं ऐकवत नाही.

या प्रसंगात नटाने काय करायचं? बलात्कारी पुरुषाचा क्रूरपणा दाखवायचा हे पहिलं उत्तर, आणि ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. सखारामच्या घरात सगळं त्याच्या नियमाने चालतं. जेवण, झोप, देवपूजा, शरीर. एक हसू तेवढं नियमात बसलेलं नाही. ते तिने एका मुंगळ्याला दिलं. हा माणूस मुंगळ्यावर जळतोय! स्वतःला तसं म्हणून घेणं त्याला शक्य नाही, म्हणून मागणी हुकमाच्या रूपात बाहेर येते. भीक मागायची आहे आणि तोंडाला फक्त हुकूम करायची सवय आहे. हे ज्या नटाला कळलं त्याला इथे आवाज चढवायची गरज पडत नाही. ज्याला कळलं नाही तो कितीही ओरडला तरी प्रेक्षक त्याला फक्त घाबरेल, आणि घाबरणं सोपं असतं. बाई म्हणून मला हा प्रसंग प्रत्येक वेळी अंगावर येतो. सखारामला माफ करावं असं त्यात काही नाही. पण तो कळतो, आणि कळल्यामुळे अधिक भयंकर होतो.

चंपा आली की त्याची हुकमत संपायला लागते. ती त्याच्या करारात बसत नाही. पुढे लक्ष्मी परतते आणि दोघींच्या मध्ये सापडलेला हा मर्दानी माणूस पुरुष म्हणूनही निकामी होतो. शेवटी तो चंपाचा गळा दाबतो आणि मग सुन्न होऊन बसतो. निर्णय सगळे लक्ष्मी घेते. पहिल्या प्रवेशात नियम वाचणारा माणूस शेवटच्या प्रवेशात बाईच्या सांगण्याबरहुकूम हलणारा खांब झालेला असतो. पहिला प्रवेश संथ आणि खात्रीने केला नसेल तर या शेवटाला उंचीच मिळत नाही, कारण पडायला आधी चढलेलं असावं लागतं.

'सिंहासन'मधला दिगू टिपणीस याच्या बरोबर उलट. 1979 चा कृष्णधवल चित्रपट, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, सगळ्यांची कुठे ना कुठे चालते. दिगू पत्रकार. त्याला सगळीकडे प्रवेश आहे आणि त्याची कुठेच चालत नाही. हिंदुराव करणारा नट हे करू शकेल असं कास्टिंग करताना सुचणं हेच मला मोठं वाटतं.

इथे निळूभाऊंनी स्वतःची सगळी हत्यारं खाली ठेवली. आवाजातला तो खर्ज आहे, पण त्यात वजन नाही. दुसऱ्यांच्या बोलण्याच्या कडेला तो आवाज येतो आणि जातो. चित्रपटाचा बराच भाग दिगू ऐकतो. ऐकणं पडद्यावर दिसणं फार कठीण. बहुतेक नट ऐकताना 'मी ऐकतोय' हे दाखवतात, मान डोलावतात, भुवया उचलतात. दिगू ऐकताना साठवतो. कोण खोटं बोलतंय हे त्याला कळतं आणि ते छापून काही होणार नाही हेही कळतं. ही दुसरी जाणीव हळूहळू वर येत जाते. शेवटी तो रस्त्यावर वेड्यासारखा हसतो. ते हसणं वेगळं काढून दाखवलं तर अतिरेकी वाटेल. चित्रपटभर त्याने गिळलेलं आपण पाहिलेलं असतं म्हणून ते पटतं. तुझ्या सरपंचाच्या रडण्याशी याचा संबंध आहे, त्याकडे येतेच.

जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात त्यांनी आप्पा हा जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक केला, ज्याचा मुलगा आता मुख्यमंत्री आहे. घरात बापाची चालते की मुख्यमंत्र्याची, एवढ्या एका प्रश्नावर ती भूमिका उभी राहू शकते. सखाराम आणि हा आप्पा एकाच नटाचे, हे नुसतं लक्षात ठेवलंस तरी मिमिक्रीवाल्या मित्रांना उत्तर मिळेल.

'सारांश' तू पाहिला असशील. 1984, महेश भट्ट. अनुपम खेर यांच्या म्हाताऱ्या प्रधानांपुढे गजानन चित्रे हा राजकारणी. त्याच्या मुलापासून एका मुलीला दिवस गेलेत आणि प्रधान तिला आसरा देतात. मला यातली बांधणी आवडते. चित्र्याचा मुलगा बापाला सांगायला घाबरतो, आणि त्या घाबरण्यातून आपल्याला चित्रे कळून चुकतो. निळूभाऊंनी हे भांडवल ओळखलं. ज्याची भीती आधीच पसरली आहे त्याने स्वतः येऊन आणखी भीती कशाला दाखवायची? हिंदीही त्यांनी घासूनपुसून घेतली नाही. दादर-शिवाजी पार्कचा मराठी पुढारी जशी बोलेल तशीच ठेवली.

सगळंच असं होतं असं मात्र नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाटील, सावकार, सरपंच या साच्यात त्यांना इतक्या वेळा घातलं गेलं की बऱ्याच चित्रपटांत त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोस्टरवर नाव, दोन प्रसंगात वासना, शेवटी मार. तिथे खोली शोधत बसू नकोस. लेखकाने विहीरच खणली नसेल तर नट पोहरा सोडून काय काढणार? भक्त होऊन सगळ्याचंच कौतुक करत गेलं की खरं काम ओळखायची नजर बोथट होते.

आता तुझा सरपंच.

पहिलं म्हणजे आवाजाला हात लावू नकोस. निळूभाऊ आवडतात म्हणजे नकळत तो घोगरेपणा येणार. तालमीत मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐक. वाक्यांची शेपटं लांबत असतील तर ती त्यांची आहेत, तुझी नाहीत. काढून टाक. तुझा आवाज पातळ असेल तर पातळच राहू दे. पातळ आवाजाचे, गोड बोलणारे आणि भयंकर असे सरपंच महाराष्ट्रात कमी नाहीत.

दुसरं, संहितेच्या समासात सरपंचाच्या भावना लिहिल्या असशील तर खोडून टाक. 'इथे दुःख', 'इथे पश्चात्ताप' असल्या नोंदींचा तालमीत काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी हे लिही: त्याच्याकडे किती जमीन आहे, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर आहे, पुढच्या निवडणुकीत कुठली वस्ती फुटायच्या बेतात आहे, बायको त्याच्याशी शेवटचं मोकळेपणाने कधी बोलली, मुलगा त्याला काय म्हणून हाक मारतो. लेखकाने दिलं नसेल तर दिग्दर्शकाबरोबर बसून ठरव. या माणसाकडे हरवण्यासारखं काय आहे हे आकड्यात आणि नावात माहीत असेल तर हरवताना तुला काही 'आणावं' लागणार नाही.

मग प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला ठरव, आत्ता इथे कुणाची चालते, आणि प्रवेश संपताना कुणाची चालतेय. बदल कुठल्या वाक्यावर झाला ते वाक्य शोध. बहुतेक वेळा ते तुझं नसतं, समोरच्याचं असतं. म्हणजे तुझं सगळ्यात महत्त्वाचं काम तू गप्प असताना होणार आहे. मी तालमीत एक साधा खेळ घेते. सरपंच पाणी मागतो. पहिल्या प्रवेशात तो कुणाकडेही न बघता नुसता हात पुढे करतो आणि तांब्या हातात येतो. मधल्या प्रवेशात हात पुढे होतो, तांब्या यायला वेळ लागतो. शेवटच्या प्रवेशात हात तसाच राहतो आणि त्याला उठावं लागतं. यात संवाद शून्य. नटाला चेहऱ्याने काही करायची मनाई. तरी बघणाऱ्या मुलांचे चेहरे उतरतात. तुमच्या एकांकिकेत पाण्याचा तांब्या नसेल तर चपला असतील, खुर्ची असेल, फोन असेल. काहीतरी एक पकडा आणि ते सुरुवातीपासून पेरा.

राहिलं रडणं. ते खोटं वाटतं कारण, माझा अंदाज, तू त्या प्रवेशात पोचायच्या आधीपासूनच रडण्याची तयारी करत असतोस. श्वास भरून घेतोस, आवाज ओला करतोस. प्रेक्षकाला गाडी येताना लांबून दिसते आणि तो बाजूला होतो. सरपंचाला रडायचं नाहीये, हे लक्षात घे. मुलासमोर तर मुळीच नाही. त्याला त्या क्षणी अजूनही वाटतंय की आपली चालेल. म्हणून आठ दिवस तालमीत तो प्रवेश न रडता कर. रडू आलं तर थांबव, दाबून टाक, विषय बदल, मुलाला ओरडून जेवायला बस म्हण. दिग्दर्शकाला सांग की हे आठ दिवस मला सवलत द्या. नवव्या दिवशी मुलाची भूमिका करणाऱ्याला सांगा की या वेळी त्याने बापाकडे न बघता निघून जायचं, आणि तू त्याला हाक मार. हाक पूर्ण करायची नाही असं ठरवून ठेवू नकोस, पूर्ण करायचाच प्रयत्न कर.

मग काय होतं ते मला कळव. डोळ्यात पाणी नाही आलं तरी तो प्रवेश तसाच ठेवा, आणि लेखक कुरकुरला तर त्याला 'सामना'चा शेवट परत बघायला सांगा. मुलाचं काम करणारा पोरगा चांगला ऐकणारा आहे ना, हे मात्र आधी तपासा. तो जर आपल्या वाक्याची वाट बघत उभा राहणारा असेल तर या सगळ्याचा काही उपयोग नाही, त्याला आधी बदला.